हरीभाऊंचा पिवळा टॅग

हरिश्चंद्र वालावलकरांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले आहेत, हे साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगणारा मी होतो. आजवर हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला हरीभाऊ ठाऊक आहेत ते 'ह्यांना जॅझची गोडी लावणारे फॅक्टरीतले एक सीनियर' एवढेच. घरी कोणी आलं, कपाटातल्या कॅसेटी कोणाच्या नजरेला पडल्या, की तीच हौसेने सांगायला लागते. मी मान हलवतो आणि चहाचं बघतो म्हणून आत जातो.

लिहायला बसलो तरी तेच चाललंय. दोन ओळी होतात आणि मी उठतो. खिडकी लावतो, परत उघडतो. तेव्हा आधी माणूस सांगतो. माझं मागाहून.

मुलुंडला आग्रा रोडवर आमचा गिअरबॉक्सचा कारखाना होता. चौऱ्याऐंशी साली मी तिथे इन्स्पेक्शनला लागलो. डिप्लोमा नुकता झालेला, वय तेवीस, वर्षभर प्रोबेशन. गिअरबॉक्स म्हणजे लोखंडी पेटी, आत दातेरी चाकं आणि बेअरिंगं. पेटी तयार झाली की ती टेस्ट बेंचवर चढवायची, मोटर जोडायची, अर्धा तास पळवायची आणि ऐकायची. मीटर होते, तापमान बघायचं, तेल बघायचं, सगळं होतं. पण शेवटचा शब्द कानाचा, आणि तो कान हरीभाऊंचा. त्यांच्या सहीशिवाय पेटी गेटबाहेर पडत नसे.

दीड हात लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याकडे होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक फिरत्या पेटीवर टेकवायचं आणि मूठ कानापुढच्या हाडावर. डोळे मिटलेले. पण पाय काही केल्या जागेवर नाहीत. ऐकता ऐकता पेटीभोवती अर्धा फेरा इकडून, अर्धा तिकडून. बारीक चणीचा, काळासावळा, पन्नाशीचा माणूस, खाकी शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, आणि हात मोकळा असला की बोटं कशावर तरी वाजतायत. टेबलावर, डब्यावर, स्वतःच्या छातीवर. बेंचवर होते तोवर मी त्यांना खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. जेवायचेसुद्धा उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून. नाहूरहून मुलुंडला चालत यायचे, चालत जायचे. बसमध्ये का येत नाही विचारलं तर म्हणाले, "बस थांबते रे मध्ये मध्ये. ठेका तुटतो."

ऐकून झालं की पेटीच्या कडीला टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे रद्द. आणि पिवळा म्हणजे अजून ऐकायची आहे. टॅगवर खाली एक ओळ असायची, 'निरीक्षण'. बाकीचे इन्स्पेक्टर तिथे 'ठीक' लिहून मोकळे व्हायचे. हरीभाऊ लिहायचे, 'तिसऱ्या चाकाचा एक दात कुरकुरतो.' पेटी उघडावी, तर तिसऱ्याच चाकाचा एक दात.

त्यांचं दुसरं आयुष्य मला कळलं ते जेवणाच्या सुट्टीत. गेटवर एक गोवेकर म्हातारा आला होता, हातात लांबट काळी पेटी. वॉचमन त्याला आत सोडेना. हरीभाऊ धावत गेले.

"हरी, पळय मरे, हो सूर वाजना," म्हातारा कोकणीत म्हणाला, म्हणजे बघ ना, हा सूर वाजत नाही.

पेटीत सॅक्सोफोन होता. आल्फ्रेड नावाचा तो माणूस एके काळी हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवायचा. हरीभाऊ गावाहून मुंबईत आले तेव्हा माझगावच्या चाळीत त्याचे शेजारी. तिथे त्याच्या वाद्याच्या चाव्या दुरुस्त करता करता हा मालवणी फिटर जॅझ ऐकायला लागला होता. त्या दिवशी एका चावीची स्प्रिंग मोडली होती. हरीभाऊंनी टूलरूममधून शिलाई मशीनची सुई आणली, तापवून निळी केली, टोक चपटं केलं, बसवली. दहा मिनिटांत. आल्फ्रेडने तिथेच, सायकल स्टँडपाशी, वाद्य तोंडाला लावून सात-आठ सुरांची एक ओळ वाजवली. डबे खात बसलेली माणसं चावायची थांबली.

तावडे, आमच्या युनियनचा सेक्रेटरी, ओरडला, "काय हरीभाऊ, ही मडमेची कंबर लचकली काय?"

"तावड्या, तुझी जीभ लचकली तर ती पण दुरुस्त करतो. ये, सुई गरमच आहे."

गेटवर हशा. मी मात्र तिथेच उभा होतो. हरीभाऊंनी परतताना मला पाहिलं आणि विचारलं, "तुका काय गावला?"

तुला काय सापडलं. मालवणीत ते असंच विचारतात, खाडीवरून मासे घेऊन आलेल्याला विचारावं तसं. मी गोंधळलो. मग जे होतं ते सांगितलं, "सूर यायच्या आधी त्याचा श्वास ऐकू आला. नुसती हवा."

हरीभाऊ थांबले. त्यांची बोटंसुद्धा थांबली. "वा रे लिमये," म्हणाले. "उद्या एक कॅसेट देतो."

ही सुरुवात. मला वाटलं आता नावं कळतील, कोण थोर, कोण किती साली, काय आधी ऐकायचं. कॅसेटवर नाव नव्हतं. आकडा होता, एक. आणि कॅसेटच्या डबीला दोऱ्याने फॅक्टरीचाच पिवळा टॅग बांधलेला.

"वाजवणारा कोण?"

"तुला काय करायचंय? नाव कळलं की माणूस नाव ऐकत बसतो. ऐक. मग इथे येऊन मला एक गोष्ट सांग. एकच. ती मी टॅगवर लिहीन, टॅग हिरवा करीन, आणि दोन नंबर देईन."

रेकॉर्डी त्यांना त्यांचा चुलतभाऊ आणून द्यायचा, तो बोटीवर होता. काही चोर बाजारातल्या. घरी त्या टेपवर उतरवायच्या आणि नवशिक्याला एकेक कॅसेट द्यायची. माझ्याआधी चारपाच जणांवर हा प्रयोग झाला होता म्हणे, तिसऱ्या नंबरच्या पुढे कोणी टिकलं नव्हतं.

मी एक नंबर ऐकला. पियानो, मागे बास, ते माणसाएवढं उभं तंतुवाद्य, आणि हळू हळू ढोल. दुसऱ्या दिवशी गेलो आणि म्हटलं, "छान आहे."

"छान?" हरीभाऊंनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "गिअरबॉक्सच्या रिपोर्टात लिहितोस काय रे, गिअरबॉक्स छान आहे म्हणून? जा. परत ऐक. पियानोकडे बघू नको, तो दिसायला सुंदर आहे, तो सगळ्यांनाच दिसतो. बास ऐक. तो काय करतो ते सांग."

चार दिवस मी घरी त्या बासच्या मागे लागलो. एकदा सापडला की सुटत नव्हता. जाऊन सांगितलं, "तो वाजवत नाही, चालतो. आणि एका ठिकाणी जिना उतरल्यासारखा उतरतो."

टॅग हिरवा झाला. निरीक्षण: 'चालतो. जिना उतरतो. लिमये.' माझी सही घेतली. मला डिप्लोमाच्या निकालापेक्षा त्याचा आनंद झाला, हे खरं.

दोन नंबरमध्ये एकच गाणं तीन वेगळ्या माणसांनी वाजवलेलं होतं. मी म्हटलं, हे आमच्या रागासारखंच झालं की, बंदिश तीच आणि विस्तार वेगळा. आई नाट्यगीतं ऐकणारी, घरात तंबोरा. मला वाटलं हरीभाऊ खूश होतील. ते असे उखडले की काय सांगू. "तुझ्या घरची तान तुझ्या घरी ठेव. पाव्हणा आला की त्याला पहिलं विचारतोस काय, तू माझ्या मामासारखा दिसतोस म्हणून? आधी पाव्हण्याचा चेहरा बघ ना." टॅग पंधरा दिवस पिवळाच राहिला.

तीनमध्ये एक बाई गात होती, ठेक्याच्या जरा मागे, निघायला उशीर झालेल्यासारखी. चारमध्ये नुसता ब्लूज, जॅझच्या मुळाशी असलेलं ते दुःखाचं गाणं, बारा आवर्तनांच्या तुकड्यात फिरून फिरून तिथेच येणारं. आईने दाराशी येऊन विचारलं, "कोणाचं पोट दुखतंय रे?" फास्ट जॅझ त्यांनी मला आठ नंबरपर्यंत लावू दिलं नाही. तावडेला त्यांनी पहिल्यांदाच फास्ट दिलं होतं, तो म्हणाला भांडी पडतायत, आणि तेव्हापासून तो कायमचा गेला, असं त्यांचं मत. "माणूस नवा असला की त्याला आधी रिकामी जागा असलेलं द्यावं. त्याला आत शिरता आलं पाहिजे. भरलेल्या खोलीत कोण शिरतो?"

आणि बसून ऐकायचं नाही, हा हुकूम. चालत ऐक. मी आमच्या गॅलरीत येरझाऱ्या घालायचो, शेजारच्या काकू आईला विचारायच्या, लग्नाचं काही चाललंय का त्याच्या.

ह्या सगळ्यात माझ्या कामात एक फरक पडला. सातव्या-आठव्या कॅसेटपर्यंत मला पेट्या ऐकू यायला लागल्या. आधी नुसता घरघराट होता. आता त्यात मोटर वेगळी, चाकं वेगळी, बेअरिंग वेगळं. हरीभाऊंनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. "हा घोगरा आहे तो तेलाचा, त्याला भिऊ नको. बारीक चिर्र आली, सुतासारखी, तर तिला भी. ती बेअरिंगची. ती आज सुतासारखी असते आणि सहा महिन्यांनी पेटी फोडते."

आता अकरा नंबर.

ती देताना ते म्हणाले होते, "ह्यात ढोलवाल्याच्या हातात काठ्या नाहीत, ब्रश आहेत, तारांचे. कातड्यावर नुसते फिरवतो. अंगण झाडल्यासारखं. तेवढंच ऐक, दुसरं काही नको."

दुबईहून मामेभावाने आणलेला दोन स्पीकरचा टेपरेकॉर्डर माझ्याकडे होता. कॅसेट लावली. डावा स्पीकर मुका. उजव्यातून पियानो, बास. झाडण्याचा आवाज नावाला नाही. मला वाटलं टेप बिघडला. दुसरी कॅसेट लावली, दोन्ही बाजू खणखणीत. म्हणजे कॅसेटच अर्धी उतरली होती. जुन्या रेकॉर्डींत एकेक वाद्य एकेका बाजूला ठेवलेलं असायचं, ढोलवाला डावीकडे राहिला तो राहिलाच.

पुढच्या रविवारी सकाळी मी नाहूरला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, हरीभाऊ आणि त्यांची धाकटी बहीण शांताताई. दोघंही अविवाहित. शांताताई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायच्या. मी काही बोलायच्या आधीच हरीभाऊंनी अकराची मूळ रेकॉर्ड लावली, डाव्या स्पीकरकडे बोट केलं आणि खोलीभर चालायला लागले.

डावा स्पीकर तिथेही बंद होता. रेकॉर्ड प्लेअरच्या मागे डावीकडची वायर निघालेली मला उभ्या जागेवरून दिसत होती.

"आयक," हरीभाऊ म्हणाले. डोळे मिटलेले, उजवा हात हवेत गोल फिरतोय. "आता बघ, कसा झाडतो. आता... हां. उलटा फिरवला. ऐकलंस?"

ऐकण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. ते आठवणीतून ऐकत होते. जिथे जिथे ब्रश असायला हवा तिथे तिथे त्यांचा हात फिरत होता, आणि त्यांना ठाऊकच नव्हतं की तो आता खोलीत नाही. तीस वर्षं प्रेस शॉपचा दणदणाट आणि टेस्ट बेंचची घरघर. बारीक आवाज कधीचेच गेले असणार. जाड आवाज शाबूत होते म्हणून त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं. किंवा आलं असावं. ते मला आजही सांगता येत नाही.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. शांताताई हातात पोह्यांची बशी घेऊन उभ्या होत्या. त्यांची नजर त्या वायरवर होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी, नाही म्हणून, मान हलवली.

"काय गावला?" हरीभाऊंनी डोळे उघडून विचारलं.

"अंगण झाडतायत," मी म्हटलं. "पहाटेचं. कोणाला उठवायचं नाही अशा बेताने."

हरीभाऊ इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे टॅग हिरवा केला. मी खोटं निरीक्षण दिलं आणि ते पास झालं. जाताना शांताताई खालपर्यंत आल्या. म्हणाल्या, "लिमये, त्याचं सगळं कानावर आहे हो. घरही आणि तो पण. दादाला अजून चार वर्षं काढायचीयत तिथे." मी म्हटलं, "ताई, माझ्याकडून कोणाला कळणार नाही." मला कोणी शपथ घातली नव्हती. मी आपणहून बोललो ते.

त्यानंतर बेंचवर मी त्यांचे बारीक कान झालो. ठरवून नाही. मूठ कानाला लावायची, शंका आली तर "हरीभाऊ, ही जरा बघा ना" म्हणायचं. ते बोटांची टोकं पेटीवर ठेवून बराच वेळ उभे राहायचे आणि पिवळा टॅग बांधायचे. असे पाचसहा महिने गेले. खराब पेटी एकही बाहेर गेली नाही.

मग तो महिनाअखेरचा दिवस. महिन्याचा सगळा माल शेवटच्या दिवशी निघायचा, दरवेळची गडबड. शांताताईंची दाढ काढायची होती म्हणून हरीभाऊंनी अर्धी रजा घेतली. सहा पेट्या बेंचवर राहिल्या होत्या. त्यांनी सहा कोऱ्या रिपोर्टांवर सह्या करून ठेवल्या. असं कोणी करत नाही. त्यांनी तरी कधी केलं नव्हतं. "तू ऐक. शंका आली तर ठेवून दे, उद्या मी आहे."

चौथ्या पेटीत चिर्र होती. सुतासारखी. मी ती ऐकली.

इथे मी पुन्हा उठून आलो. पाणी प्यायलो. ऐकली म्हणजे ऐकली, त्यात शंकेला जागा नव्हती. ती ऐकण्यासाठीच मला वर्षभर तयार केलेलं होतं. बाहेर ट्रक उभा. डिस्पॅचवाला दर दोन मिनिटांनी डोकावतोय, "झालं का रे लिमये? तुझ्यामुळे महिन्याचं टार्गेट राहील." माझं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपणार होतं आणि महिना माझ्यामुळे राहिला, हे मला कोणाच्या तोंडी यायला नको होतं. मी हिरवा टॅग बांधला. निरीक्षण: ठीक.

पेटी पाच महिन्यांत परत आली. एका साखर कारखान्यात ऐन हंगामात फुटली होती. माणसाला काही झालं नाही, पण गाळप बंद पडलं. आमचे क्वालिटी मॅनेजर कारखानीस, त्यांनी मला दुपारी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रिपोर्ट.

"सही कोणाची?"

"हरीभाऊंची."

"ते मलाही वाचता येतं. चाचणी कोणी घेतली?"

एवढं सोपं उत्तर होतं. मी, साहेब. दोन शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, "साहेब, हरीभाऊंना हल्ली बारीक आवाज ऐकू येत नाहीत."

कारखानिसांनी पेन खाली ठेवलं. "तुला कसं माहीत?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. अकरा नंबर, मुका स्पीकर, निघालेली वायर, हवेत फिरणारा हात. कारखानीस वाईट माणूस नव्हते. ऐकता ऐकता त्यांनी कपाळावर हात ठेवला. "अरे देवा," म्हणाले. "तू बरं केलंस सांगितलंस. तुझं नाव येणार नाही कुठे."

मी बोललो त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. बेंचवर असा माणूस ठेवणं बरोबर नव्हतं, कोणी तरी बोलायलाच हवं होतं, उद्या एखाद्या पेटीखाली माणूस सापडला असता. असेल. पण मी त्या पेटीखालच्या माणसासाठी बोललो नाही. मी माझा हिरवा टॅग झाकायला बोललो.

कंपनीच्या डॉक्टरांकडे हरीभाऊंच्या कानाची तपासणी झाली, मग त्या रिपोर्टाचं पुढे कोणी विचारलं नाही. आठ दिवसांत हरीभाऊंची बदली पॅकिंगला. तावडे गेटवर उसळला, "कोणी तरी आग लावली. मला नाव कळू दे, कँटीनमध्ये त्याची वाट लावतो." मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, "तुला पण वाईट वाटलं असेल ना रे. तुझा तर गुरू."

बेंच मला मिळालं. स्क्रू ड्रायव्हर हरीभाऊंनी स्वतः आणून दिला, मूठ तेलाने पुसून. "मूठ बदलू नको. शिसवी आहे. दुसऱ्या लाकडातून एवढं येत नाही."

पॅकिंगला लाकडी खोके असतात, भुसा असतो, ऐकण्यासारखं काही नसतं. तिथे मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. उलट्या खोक्यावर, हात मांडीवर, बोटं गप्प. मी दिसलो की उठून उभे राहायचे. कॅसेटी चालूच होत्या, बारा, तेरा, चौदा. मी घेत होतो, ऐकत होतो, जाऊन सांगत होतो. माझी निरीक्षणं दिवसेंदिवस चांगली होत गेली, ही आणखी एक लाज. ते म्हणायचे, "आता तू माझ्यापुढे गेलास. ही मला सुद्धा गावली नव्हती."

सत्त्याऐंशीच्या शेवटी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. वेंगुर्ल्याकडे घर होतं, शांताताईंनीही राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटताना गेटवर मला गाठलं. हारतुऱ्यातला नारळ काखेत, हातात एक कॅसेट, पंधरा नंबर, पिवळा टॅग.

"ही ऐक सवडीने."

"हरीभाऊ, तुम्ही गावाला जाणार. मग मी सांगू कोणाला?"

"पत्र टाक. शांता वाचील." मग माझा दंड धरला. त्यांनी तोवर मला कधी हात लावला नव्हता. "लिमये, मला मागाहून शांतानं सांगितलं. त्या रविवारी डावा डबा बंद होता म्हणून. तुला तेव्हाच कळलं होतं."

मी टॅगचा दोरा बोटाला गुंडाळत राहिलो.

"तुला कळलं, आणि तू कोणाकडे बोललास नाही. इतके महिने माझ्या शेजारी उभा राहून पेट्या ऐकल्यास, तोंडातून चकार नाही. कोण मेलो बोललो तो बोललो, डॉक्टर असेल, कोण असेल. मी शांताला म्हटलं, लिमये नाय बोललो. एवढा कोण करता रे?"

"हरीभाऊ," मी म्हणालो. "हरीभाऊ, मी..."

"काय?"

"ऐकेन मी. कळवतो."

"घाई नाही," ते म्हणाले.

आणि निघाले, नाहूरच्या दिशेने, चालत. नेहमीची ती उतावीळ चाल, आणि मोकळ्या हाताची बोटं नारळावर वाजतायत. मागून एक सायकलवाला आला, घंटी वाजवत, एकदा, दोनदा, सारखी. हरीभाऊ वाटेतून हलले नाहीत. सायकलवाला शिवी घालून बाजूने गेला तेव्हा ते दचकले, थांबले, आणि मग त्याच्याकडे बघून त्यांनी हात जोडले. पुन्हा चालायला लागले. मी गेटच्या आत उभा होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. माझा आवाज काही बारीक नाही.

पत्र मी टाकलं नाही. चारपाच वर्षांनी तावडे बाजारात भेटला, म्हणाला, हरीभाऊ गेले, गावीच. मी "अरेरे" म्हणालो. पंधरा नंबर तोवर मी लावली नव्हती. नंतरही लावली नाही.

गेल्या महिन्यात लावली. जुना टेप दुरुस्त करून घेतला त्यासाठी. पंधरामध्ये अकराचंच गाणं आहे. तेच, पुन्हा नीट उतरवलेलं, बहुधा शांताताईंनी शेजारी बसून. डाव्या बाजूला ढोलवाला आहे. ब्रश फिरतोय. आणि तो अंगण झाडल्यासारखा मुळीच नाही. मी त्या रविवारी काहीतरी बनवून सांगितलं होतं, ते त्यांच्याच शब्दांवर रचलेलं होतं. प्रत्यक्षात तो आवाज मला कोणीतरी बंद दाराशी उभं राहून, आत यावं की नाही ह्या विचारात, पाय घासत असल्यासारखा वाटला. मी ते टॅगवर लिहायला पेन उघडलं आणि परत बंद केलं. निरीक्षणाची ओळ कोरी आहे.

शांताताई पुन्हा नाहूरला आल्या आहेत, भाच्याकडे राहतात. पत्ता तावडेने दिलाय, माझ्या पाकिटात आहे. ऐंशीच्या घरात असतील. हरीभाऊंना जे सांगायचं राहून गेलं ते आता त्यांना सांगायचं आहे: चौथी पेटी मी तपासली, तिच्यातली चिर्र मला ऐकू आली होती, हिरवा टॅग मी बांधला, आणि केबिनमध्ये बोललो तो मी.